गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही : घरी नव्याने उभारलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी तपासणीचा क्रम

लक्षणे

सकाळी थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते, गाडी तासभर कोणतीही तक्रार न करता धावते, मात्र पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा किल्ली फिरवली की ती दाद देत नाही. बॉनेट उघडून तासभर वाट पाहिली की तीच गाडी काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. घरी जीर्णोद्धार करून अधिक ताकदीचे केलेले जवळजवळ प्रत्येक जुने स्पोर्ट्स मॉडेल केव्हा ना केव्हा या टप्प्यातून जाते. हा दोष मी इतक्या गाड्यांवर दुरुस्त केला आहे की आता मालकाला पहिला प्रश्न एकच विचारतो : किल्ली फिरवल्यावर नेमके काय ऐकू आले?

या प्रश्नाच्या उत्तरावरून दोषाचे तीन गट पडतात. पहिल्या गटात इंजिन फिरतच नाही. फक्त ‘टक’ असा आवाज येतो, किंवा इंजिन जड होऊन, अडखळत फिरते. दुसऱ्या गटात ते नेहमीच्या वेगाने फिरते, पण पकड घेत नाही, आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. तिसऱ्या गटात ते नीट फिरते, पकड घेत नाही आणि वासही येत नाही. पहिला गट विजेचा किंवा टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा, असतो, दुसरा बहुधा जादा पेट्रोलचा, तर तिसऱ्यात एक तर पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. गट ठरवण्याआधी एकही सुटा भाग विकत घेऊ नये. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याची घाई तर मुळीच करू नये, कारण थंड अवस्थेत नीट चालणारे सेटिंग त्या घाईत हरवते आणि मग एका दोषाचे दोन होतात.

बंद केल्यावर इंजिन अधिक का तापते

चालत्या गाडीत पाणी फिरत असते, रेडिएटरमधून वारा जात असतो आणि ताजे पेट्रोल नळ्यांना थंड ठेवत असते. इंजिन बंद होताच हे तिन्ही प्रवाह एकदम थांबतात, पण मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेले हवेचे आणि धुराचे नळ) आणि सिलिंडर हेडमध्ये साठलेली उष्णता तशीच राहते आणि ती आजूबाजूच्या प्रत्येक भागात शिरू लागते. त्यामुळे बॉनेटखालचे तापमान बंद केल्यानंतरच्या पहिल्या दहा ते तीस मिनिटांत धावतानाच्या तापमानापेक्षाही वर जाते. तुमची गाडी नेमकी याच अवधीत रुसत असेल, तर हा लेख तिच्यासाठी आहे; ती कोणत्याही वेळी, थंड असतानाही रुसत असेल, तर दोष वेगळा आहे.

घरी केलेल्या सुधारणा या उष्णतेत भर घालतात. मूळच्या ओतीव लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी पातळ नळ्यांचा हेडर बसवला की नळ्यांचा पृष्ठभाग वाढतो आणि त्यातली एखादी नळी स्टार्टरच्या अगदी जवळून जाते. शिवाय सुटे करताना ‘जड आणि कुरूप’ म्हणून बाजूला ठेवलेली पत्र्याची उष्णतारोधक ढाल बहुतेक वेळा परत बसतच नाही. ती ढाल कारखान्याने हौसेने बसवलेली नसते.

एक नियम शेवटपर्यंत पाळावा. पुढील सर्व तपासण्या, जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथे, दोष प्रत्यक्ष हजर असताना, म्हणजे इंजिन गरम असतानाच करायच्या आहेत. थंड गाडीवर घेतलेली मापे या दोषाबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून मल्टिमीटर, ठिणगी तपासणारे साधन, हातमोजे आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारे अग्निशामक हाताशी ठेवूनच गाडी फिरवून आणावी. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि एक मदतनीस किल्लीपाशी, अशी मांडणी असावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टरला मिनिटभर तरी विश्रांती द्यावी, कारण आधीच तापलेला स्टार्टर अशा हट्टाने जळतो.

साधनांशिवाय करता येणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची. गाडी बंद पडताच किंवा सुरू होत नाही असे दिसताच झाकण हळूच उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा स्पष्ट आवाज आला, तर टाकीची श्वासनळी बंद आहे. पेट्रोल खर्च होताना त्याची जागा हवेने भरून निघाली नाही, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते. कमी दाबाखालच्या पेट्रोलची कमी तापमानालाही वाफ होते, हे त्यात आणखी. नव्याने रंगवलेल्या गाडीत श्वासनळीच्या तोंडात रंग किंवा गंजरोधक लेप जाऊन बसलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. आवाज बाहेर येणाऱ्या वाफेचा असेल, तर उन्हात तापलेल्या टाकीत ते स्वाभाविक असू शकते आणि त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी तपासणी पेडलची. पेट्रोलचा वास येत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून तसाच धरून ठेवावा आणि सेल्फ मारावा. पेडल वरखाली करू नये, कारण कार्ब्युरेटरमधला अ‍ॅक्सिलरेटर पंप प्रत्येक दाबासरशी आणखी पेट्रोल आत फेकतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्याने जास्तीत जास्त हवा आत येते आणि ओले झालेले सिलिंडर कोरडे होऊ लागतात. इंजिन खोकत, काळा धूर सोडत पकड घेऊ लागले, तर दुसरा गट पक्का झाला. अनेक इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणालीही सेल्फच्या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडा दिसला की इंजेक्टर बंद ठेवतात, त्यामुळे ही युक्ती त्यांच्यावरही चालते.

तिसरी तपासणी फक्त इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे. ज्या गाडीत किल्ली फिरवताच इंधन-पंप एखाद-दोन सेकंद चालून थांबतो, तिथे सेल्फ न मारता किल्ली तीन-चार वेळा चालू-बंद करावी आणि मगच सेल्फ मारावा. एवढ्याने गाडी सुरू झाली, तर बंद अवस्थेत नळीतला दाब टिकत नाही. दाब गेला की गरम नळीतले पेट्रोल उकळते आणि इंजेक्टरना द्रवाऐवजी वाफ मिळते. पंपाची एकदिशा झडप किंवा गळणारा इंजेक्टर ही याची नेहमीची कारणे आहेत.

चौथी तपासणी पहिल्या गटासाठी आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी केली जाते. इंजिन जड फिरत असेल किंवा फिरता फिरता झटका देऊन थांबत असेल, तर इग्निशन कॉईलला (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या गुंडाळीला) येणारी कमी दाबाची तार काढून ती उघडी राहणार नाही अशी गुंडाळून ठेवावी; इंजेक्शन असेल तर इंधन-पंपाचा फ्यूजही काढावा. आता सेल्फ मारावा. इंजिन मोकळेपणाने फिरू लागले, तर बॅटरी, केबल आणि स्टार्टर यांच्यात दोष नाही. ठिणगी फार लवकर पडते आहे, आणि वर येणाऱ्या पिस्टनला तीच मागे ढकलते आहे. अधिक ताकदीसाठी टायमिंग पुढे ओढलेल्या, किंवा डिस्ट्रिब्यूटरमधल्या (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणाऱ्या भागातल्या) वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या गाडीत हे हमखास घडते. थंड इंजिन ते सोसते, गरम इंजिनात मिश्रण चटकन पेटते म्हणून तिथे ते उघडे पडते. टायमिंग लाइट लावून, डिस्ट्रिब्यूटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून आणि तिचे तोंड बंद करून, मूळ टायमिंग गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्यावर परत आणावे.

मल्टिमीटरची वेळ : अर्थिंग, केबल आणि सोलेनॉइड

कॉईलची तार काढूनही इंजिन जडच फिरत असेल किंवा ‘टक’ यापलीकडे काही होत नसेल, तर विजेचा मार्ग टप्प्याटप्प्याने मोजावा. गाडी काही वेळ बंद राहिल्यावर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ अर्धी उतरलेली आहे आणि पुढची मापे घेण्यात अर्थ नाही. सेल्फ मारताना हा आकडा साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

बॅटरी चांगली असेल, तर व्होल्टेज वाटेत कुठे हरवते ते शोधावे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरी स्टार्टरवरच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवून मदतनीसाला सेल्फ मारायला सांगावे. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर त्या मार्गातला एखादा जोड किंवा केबल दोषी आहे. हेच माप बॅटरीच्या ऋण खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंत घ्यावे; तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असताना एका जोडावर एक व्होल्ट हरवला, तर त्या जोडात दीडशे वॉट उष्णता तयार होते. तो जोड सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागतोच.

जीर्णोद्धार केलेल्या गाडीत ऋण बाजू, म्हणजे अर्थिंग, हा पहिला संशयित मानावा. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा आणि बॉडीचा विजेचा संबंध केवळ विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून येतो. बॉडी नव्याने रंगवताना त्या पट्टीच्या बोल्टखालची जागाही रंगवली जाते. वॉशरच्या कडेने रंग किंचित खरवडला जातो, तेवढ्याच बारीक कड्यातून सगळा प्रवाह जातो आणि वरून जोड मात्र नवा कोरा, चकचकीत दिसतो. पट्टी बसवायचीच राहिली असेल, तर प्रवाह अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकच्या तारेतून वाट काढतो. म्हणून अ‍ॅक्सिलरेटरची तार कारण नसताना जड झाली असेल आणि तिचे आवरण एखाद्या ठिकाणी तपकिरी पडून वितळलेले दिसत असेल, तर मीटर न लावताही निदान झाले असे समजावे. उपाय सोपा आहे : बॅटरीची ऋण केबल काढावी, बोल्टखालची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून जोड घट्ट करावा आणि गंज टाळण्यासाठी वरून ग्रीसचा थर द्यावा.

बॅटरी इंजिनपासून दूर असलेल्या गाड्यांत धन केबलची लांबीही भोवते. एमजीबीमध्ये बॅटरी आसनांच्या मागे असते आणि पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये ती डिकीत असते. शर्यतीच्या हौसेने पुढची बॅटरी मागे हलवलेल्या गाड्यांत केबल जुन्याच जाडीची वापरलेली असते आणि तिथे हा अर्धा व्होल्ट सहज ओलांडला जातो. अशा गाडीत जाड केबल हाच इलाज. बॅटरी बदलून काही साधत नाही.

दोन्ही मापे ठीक असूनही फक्त ‘टक’ होत असेल, तर सोलेनॉइडला, म्हणजे जाड केबलचा प्रवाह स्टार्टरला जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला, किल्लीकडून येणारी बारीक तार तपासावी. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २० अंशांवरून १०० अंशांवर गेलेल्या सोलेनॉइडच्या गुंडाळीचा विरोध जवळपास तीस टक्क्यांनी वाढलेला असतो आणि तिची ओढ कमी झालेली असते. त्यात किल्लीच्या जुन्या, झिजलेल्या संपर्कांतून आणि डॅशबोर्डमागच्या लांब तारेतून येणारे व्होल्टेज आधीच कमी असते. थंड असताना हे दोन्ही तोटे मिळूनही काम भागते, गरम झाल्यावर भागत नाही. सेल्फच्या क्षणी या तारेवरचे व्होल्टेज बॅटरीच्या त्याच क्षणीच्या व्होल्टेजपेक्षा एका व्होल्टहून अधिक कमी असेल, तर स्टार्टरजवळ, पण उष्णतेपासून दूर, फ्यूजसह एक ४० अँपिअरचा रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवावा. किल्लीची तार रिलेच्या ८६ क्रमांकाला, अर्थिंग ८५ ला, बॅटरीकडून येणारी जाड तार ३० ला आणि सोलेनॉइड ८७ ला जोडावा. शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनांसारख्या, सोलेनॉइड स्टार्टरच्याच पाठीवर आणि एक्झॉस्टच्या शेजारी असलेल्या रचनेत हा रिले आणि मधली पत्र्याची ढाल मिळून बहुतेक तक्रारी मिटतात. ढाल स्टार्टरला चिकटवू नये. पत्रा आणि स्टार्टर यांच्यात बोटभर हवा राहिली तरच ती उपयोगी पडते.

गिअर असलेला हलका नवा स्टार्टर हा चांगला पर्याय आहे. तो कमी प्रवाह ओढतो आणि आकाराने लहान असल्याने हेडरपासून लांब बसतो. मात्र वरची मापे न घेता तो बसवला, तर खराब अर्थिंग काही महिने झाकले जाते, एवढेच.

पेट्रोलची बाजू

इंजिन नीट फिरते पण पकड घेत नाही, अशा वेळी कार्ब्युरेटरच्या गाडीत एअर फिल्टर काढून, वास आणि नजर यांवरच भर द्यावा. फ्लोट बाउलमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीतले, पेट्रोल उकळले की दोन विरुद्ध गोष्टी घडतात. सुरुवातीच्या काही मिनिटांत ते जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) ओसंडून मॅनिफोल्डमध्ये सांडते आणि इंजिन ओले होते. पुढे बाउल रिकामा होतो आणि मग सेल्फ बराच वेळ मारल्याशिवाय काही होत नाही. म्हणूनच एकच गाडी दहा मिनिटांनी दुसऱ्या गटात आणि अर्ध्या तासाने तिसऱ्या गटात सापडू शकते. आजच्या पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि थोड्या प्रमाणातले इथेनॉल ही प्रवृत्ती वाढवते, त्यामुळे जुन्या काळी निर्दोष असलेली रचनाही आता त्रास देऊ शकते.

पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला पारदर्शक फिल्टर इथे कामी येतो. तो गरम मॅनिफोल्डच्या वर लोंबकळत असेल आणि त्यात खालून वर बुडबुड्यांची माळ उठताना दिसत असेल, तर नळीचा मार्ग चुकला आहे. नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन, जिथे ते शक्य नाही तिथे उष्णतारोधक आवरण घालून, फिल्टर थंड जागी हलवावा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सहा ते दहा मिलिमीटर जाडीचा बेकेलाइटचा स्पेसर आहे की नाही, हेही पाहावे. नवी गॅस्केट घालताना तो अनेकदा कचऱ्यात जातो. नळ्या बदलणारच असाल, तर इथेनॉल सोसणाऱ्या, एसएई जे३०आर९ असे छापलेल्या घ्याव्यात. जुन्या प्रतीची रबरी नळी आतून फुगते, तिचे कण बाउलमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या निडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि बाउल ओसंडतो, ज्याला मग उष्णतेचा दोष समजले जाते.

विजेवर चालणारा पंप बसवला असेल, तर दाब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेबर कार्ब्युरेटरला साधारण ०.२ बार पुरतात; इंजेक्शनच्या पंपाचा दाब त्याच्या कित्येक पट असतो आणि तो फ्लोटची निडल उचलून पेट्रोल सरळ इंजिनात ओततो. दाब-नियंत्रक हवाच. शिवाय इंजिन थांबल्यावर किंवा धडक बसल्यावर पंप आपोआप बंद होईल असा स्विचही हवा, आणि हा सल्ला ऐच्छिक समजू नये.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासावा. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा विरोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. त्याची तार तुटली किंवा प्लग गंजला, तर अनेक जुन्या नियंत्रकांना इंजिन कायम गारठलेलेच वाटते आणि ते गरम इंजिनातही थंडीचे पेट्रोल ओततात. अशी गाडी सकाळी झकास सुरू होते, म्हणूनच संशय तिकडे जात नाही.

ठिणगीची बाजू

पेट्रोलचा वास हवेत असताना ठिणगीची तपासणी करू नये. वास गेल्यावर, कार्ब्युरेटरपासून दूर, बंदिस्त अंतर असलेले ठिणगी-परीक्षक साधन लावून पाहावे. ठिणगी नसेल किंवा पिवळी, अशक्त असेल, तर कॉईलचा विरोध मोजावा. बॅलास्ट रेझिस्टरशिवाय (कॉईलचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या विरोधकाशिवाय) चालणाऱ्या कॉईलचा प्राथमिक विरोध साधारण ३ ओहम, तर बॅलास्टसह चालणाऱ्या कॉईलचा सुमारे १.५ ओहम असतो. नवी वायरिंग बसवताना बॅलास्ट गळाला आणि कॉईल मात्र १.५ ओहमचीच राहिली, तर पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करणारे संपर्क) जुळलेले असताना तिच्यातून जवळपास ८ अँपिअर वाहतात, ती हात लावता येणार नाही इतकी तापते आणि गरम झाल्यावर ठिणगी देणे बंद करते. उलट चूकही तेवढीच होते : पॉइंटच्या जागी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला बॅलास्टनंतरच्या तारेवरून वीज दिली जाते आणि गरम असताना ते अर्धपोटी राहून बंद पडते.

मॉड्यूल, कंडेन्सर किंवा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर आतून तुटत असेल, तर एकेका भागावर थंड पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे धरून प्रत्येक वेळी ठिणगी पुन्हा पाहावी. जो भाग थंड होताच ठिणगी परत येते, तोच दोषी. फडके तापलेल्या मॅनिफोल्डला किंवा वीज-जोडांना लागू देऊ नये. मॉड्यूल बदलताना त्याच्या पाठीवर उष्णतावाहक पेस्ट लावावी, अन्यथा नवे मॉड्यूलही त्याच वाटेने जाते.

कुठे थांबावे

टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) घरी मोजता येतो आणि तो शेवटची घरगुती तपासणी म्हणून अवश्य मोजावा, पण माहितीपुस्तकात सांगितलेल्या थंड किंवा गरम अवस्थेतच. फट फार कमी असेल, तर गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जाते. फट बरोबर असूनही गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन थंड मापापेक्षा स्पष्टपणे खाली जात असेल, तर हत्यारे ठेवून इंजिनचे काम करणाऱ्या मेकॅनिककडे जावे. नुकतेच बांधलेले इंजिन सर्व प्लग काढूनही गरम असताना हाताने जड फिरत असेल, तर पिस्टन किंवा बेअरिंगची फट कमी राहिली आहे. तेव्हा ते सेल्फने फिरवण्याचा एकही प्रयत्न करू नये.

१९७३ मध्ये पोर्शे ९११ वर आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिकसारख्या यांत्रिक इंजेक्शनमध्ये गरम सुरुवात पूर्णपणे टिकून राहणाऱ्या दाबावर अवलंबून असते. तिथे अ‍ॅक्युम्युलेटर (पेट्रोलचा दाब टिकवून ठेवणारा भाग) आणि नियंत्रण-दाब मोजण्यासाठी खास गेज लागते आणि सुमारे पाच बार दाबाची नळी तापलेल्या इंजिनावर उघडावी लागते. ते काम त्या प्रणालीचा सराव असलेल्या माणसाचेच आहे. तसेच गाडीच्या आत पेट्रोलचा वास येत असेल, टाकी गळत असेल किंवा वायरिंगचे आवरण वितळलेले दिसत असेल, तर पहिल्या तपासणीपासूनच थांबावे, बॅटरी सोडवावी आणि गाडी ओढूनच न्यावी.

मेकॅनिककडे जाताना वरील मापे, प्रत्येकासमोर इंजिन गरम की थंड हे लिहून, सोबत न्यावीत. गाडी चालवण्यास सुरक्षित असेल, तर ती ट्रकवर न चढवता स्वतः चालवत न्यावी, त्याच्या दारात बंद करावी आणि पंधरा मिनिटांनी त्याच्यासमोर किल्ली फिरवावी. ट्रकवरून गेलेली गाडी थंड होऊन पोहोचते, पहिल्या सेल्फला सुरू होते आणि ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत येते.